वांग्यासाठी कामगंध सापळा: एका हंगामाचा अनुभव

वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मिळणारा नरसाळ्याच्या आकाराचा कामगंध सापळा मी हंगामभर वापरला. ज्या भाजी उत्पादकांना रासायनिक फवारण्या कमी करायच्या आहेत, त्यांनी तो अवश्य घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा ती आत गेली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. ढालकिडा आणि क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक मात्र त्याच फवारणीत बळी पडतात. सापळ्यातील ल्यूरला, म्हणजे आमिषाला, या अळीच्या प्रौढ मादी पतंगाचा गंध असतो, त्यामुळे नर त्याकडे ओढले जाऊन खालच्या पिशवीत अडकतात. पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग असलेले पांढरे पतंग पिशवीत दिसू लागले की शेताची पाहणी वाढवावी, माना टाकलेले शेंडे अळीच्या छिद्राखाली कापावेत आणि बांधावर न टाकता नष्ट करावेत. माझ्या मते सापळ्याचा खरा उपयोग हाच आहे: फवारणी तारखेनुसार न होता किडीच्या प्रत्यक्ष हालचालीनुसार ठरते, आणि अनेकदा ती टाळताही येते.

मर्यादाही मोठ्या आहेत. मादी यात सापडत नाही, आणि शेजारच्या शेतातून मिलन झालेल्या माद्या आल्या तर अंडी घातली जातातच. मोजक्या सापळ्यांनी फक्त अंदाज येतो. नर मोठ्या प्रमाणावर पकडायचे असतील तर साधारण दर 10 मीटरवर एक सापळा लागतो. मावा व पांढरी माशी यांसाठी पिवळे चिकट सापळे वेगळे लावावे लागतात. जोडीला 5 टक्के निंबोळी अर्क फवारायचा झाल्यास सायंकाळी फवारावा, कारण त्यातील अझाडिरॅक्टिन हा कीडरोधक घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो.

मला मिळालेल्या सापळ्याची पिशवी उन्हाने लवकर फाटली, आणि पीक वाढेल तसा सापळा वर सरकवावा ही महत्त्वाची सूचना माहितीपत्रकात नव्हती. खरेदी करताना ल्यूरच्या पाकिटावर किडीचे नाव आणि वापराची मुदत तपासून घ्यावी, कारण टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीचा ल्यूर वांग्यात लावून हे पतंग येत नाहीत.