बलुले कॅम्प, क्रुगर: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः उजेडाबद्दल

बलुलेला वीज नाही, हे दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या कोणाला नव्याने सांगायला नको. ऑलिफंट्स नदीजवळ 6 झोपड्या, तंबूंसाठी पंधराएक जागा, दुकान नाही, उपाहारगृह नाही, आणि चेक-इनसाठी 11 किलोमीटरवरचा ऑलिफंट्स कॅम्प गाठायचा. ही माहिती कुठेही मिळते. आम्ही जोहान्सबर्गहून वर्षभर, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही, जमेल तेव्हा तिथे राहून आलो. मला लिहायचंय ते उजेडाबद्दल.

जूनच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, लांब सुट्टीत आमच्या शेजारच्या जागेवर दोन बक्की येऊन लागल्या (इथे पिकअपला बक्की म्हणतात). साडेपाचला फाटक बंद झालं, अंधार पडला, आणि त्या गाड्यांच्या टपावरच्या, कनातीखालच्या, मागच्या दारावरच्या एलईडी पट्ट्या एकदम पेटल्या. पांढराफटक उजेड. आमच्या ताटातलं पिठलं निळसर दिसायला लागलं. कुंपणाच्या अलीकडचा खडा न् खडा दिसत होता आणि पलीकडचं काहीही दिसत नव्हतं. बलुलेला लोक येतात ते त्या पलीकडच्यासाठी! ठिपक्यांचे तरस तिथे रात्री कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतात. त्या रात्री ते आलेत हे कळलं कधी, तर त्या मंडळींपैकी एकाने हाड भिरकावलं आणि ते कडाकडा फुटल्याचा आवाज आला तेव्हा.

मी उठून बोलायला गेले. "आम्ही पैसे भरलेत," हे उत्तर मिळालं. पैसे आम्हीही भरलेत, आणि ते त्या अंधारासाठीच भरलेत. दिव्यांचं एक वेळ सोडा, हाड टाकण्याचा मला खरा संताप आहे. प्राण्यांना खायला घालायला क्रुगरमध्ये बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही. माणसाच्या हातचं खायला सोकावलेलं जनावर माणसाला भीत नाही, एक दिवस कोणाच्या तरी अंगावर जातं आणि शेवटी गोळी त्यालाच घालावी लागते. हाड टाकणारा तोवर घरी पोचून फोटो दाखवत असतो.

दिव्यांवर पैसे आम्हीही घातले होते. पहिल्या मुक्कामाआधी एका दुकानातून भारीतला हेडलॅम्प घेतला. काही महिन्यांत त्याचं चार्जिंग बंद पडलं. दुकानदार म्हणाला, आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. पाणी? फेब्रुवारीनंतर त्याला पावसाचा थेंब लागला नव्हता. पावती, फोटो, मेलवर मेल, सगळं झालं. दुरुस्तीही नाही आणि पैसेही नाहीत. तेवढ्यात बलुलेच्या झोपडीचं भाडं निघालं असतं, ही चुटपुट अजून आहे.

तिथले रॉकेलचे कंदील मला सुरुवातीला शोभेचे वाटले होते. संध्याकाळी कर्मचारी ते लावून ठेवतात, पण त्यात वाचता येत नाही की भाजी चिरता येत नाही, असं मी मैत्रिणींना सांगत असे. हे मत बदललं ते सासूबाई भारतातून आल्यावर. आम्ही जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातून स्वतःचा एक कंदील घेतला होता, तोही धुरकटच जळायचा. त्यांनी तो दुपारी मांडीवर घेतला. काच काढली, बंबाजवळची चिमूटभर राख कागदावर घेऊन आतून फिरवली, मग कोरड्या फडक्याने पुसली. वातीच्या वरच्या कडेची दोन्ही टोकं कात्रीने जराशी उतरवली. "आई, एवढं कशाला करताय?" मी म्हटलं. "अगं, टोकं ठेवलीस तर ज्योतीला शिंगं फुटतात, आणि मग काजळी धरते," त्या म्हणाल्या. रात्री वात अगदी बेताची वर ठेवली आणि त्या उजेडात मी कांदा बारीक चिरला. शिवाय पिवळ्या उजेडावर पांढऱ्याइतके किडे येत नाहीत, त्यामुळे जेवण कधी नव्हे ते सुखाने झालं.

जेवल्यावर कंदील बारीक करून टेबलाखाली ठेवायचा आणि अर्धा तास बसून राहायचं. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि मधे एकाने जरी टॉर्च तोंडावर मारला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डोळे सरावले की आधी कुंपणाची तार दिसते, मग त्यामागची झुडपं, मग त्यातून सरकणारा उतरत्या पाठीचा आकार. तरस इतक्या जवळून जातो की त्याच्या पावलांखालची वाळकी पानं ऐकू येतात. वर बघाल तर जूनमध्ये रात्री साडेदहा-अकराला वृश्चिक थेट डोक्यावर असतो. महाराष्ट्रातून तो दक्षिणेला खाली दिसतो. इथे मान पूर्ण मागे टाकावी लागते. सासूबाईंनी त्यासाठी सतरंजीच अंथरली.

अंधार हवा म्हणजे टॉर्चच नको, असं मात्र नाही. विंचू आणि साप आहेत, पायाखाली बघितल्याशिवाय न्हाणीघराकडे जायचं नाही. पण उजेड जमिनीवर पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत नाही. जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च मिळतो, त्यात विंचू हिरवट चमकतो. तो हेडलॅम्पपेक्षा कितीतरी स्वस्त पडला आणि अजून चालतोय.

बाकीचं थोडक्यात. झोपडीला खिडकी नाही, पंखाही नाही. फेब्रुवारीत आम्ही उकाड्याने हैराण झालो होतो आणि झोपडीवर मी काट मारली होती. जूनमध्ये त्याच जाड भिंतींच्या आत इतकं ऊबदार वाटलं की आता हिवाळ्यात झोपडी आणि उन्हाळ्यात तंबू, असं ठरवून टाकलंय. खाटा 3 असतात. भांडीकुंडी आपली न्यायची. लाकडावर तापलेल्या पाण्याची आंघोळ मला तरी घरच्या गीझरपेक्षा आवडते. भाडं ऑलिफंट्सच्या बंगल्याच्या मानाने फारच कमी.

आणखी एक, कारण आपल्या लोकांना हे सहसा माहीत नसतं. क्रुगर राष्ट्रीय उद्यान 1926 मध्ये झालं, पण गोरे नसलेल्या पर्यटकांना तिथे मुक्कामाची सोय कित्येक वर्षं फक्त बलुलेत होती. बाकीचे कॅम्प गोऱ्यांचे. आज या साधेपणासाठी आपण हौसेने बुकिंग करतो. तेव्हाच्या लोकांना दुसरीकडे दारच उघडं नव्हतं. हे कळल्यापासून मी तिथे गैरसोयीची कुरकुर करत नाही.

जाणार असाल तर बुकिंग 11 महिने आधी उघडतं, शाळांच्या सुट्ट्या टाळा. हिवाळ्यात फाटक साडेपाचला लागतं आणि कच्च्या रस्त्यावर ताशी 40 ची मर्यादा आहे, म्हणून ऑलिफंट्सहून चारपर्यंत निघालेलं बरं. सरपण आणि पाणी तिथूनच घ्या. फ्रिज न्यायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे-बटाटे यांवर लांब सुट्टी आरामात निघते. तंबूची जागा कुंपणालगतची घ्या. आणि शेजारी एलईडीवाले आले, तर अंधार पडायच्या आधीच जाऊन गोडीत सांगा. एकदा पट्ट्या पेटल्या की कोणी ऐकत नाही.