सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटची परीक्षा आणि अँकीड्रॉइड: एक गळीत हंगाम वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. लेखी निघाली, तोंडी निघाली, बॉयलर चालवण्यासाठीचं सेकंड क्लासचं सर्टिफिकेट मिळालं. ते अँकीड्रॉइड या प्रश्नोत्तरांच्या कार्डांच्या ॲपमुळे मिळालं का असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, निम्मं. आता कुठलं निम्मं, ते सविस्तर लिहितो, कारण पाळीत काम करून या परीक्षेला बसणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आहे. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणारा, 45 किलो दाबाचा वॉटर ट्यूब (नळ्यांतून पाणी फिरणारा) बॉयलर. हंगाम सुरू झाला की आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ अशा पाळ्या, आणि आठवडा संपला की पाळी बदलली. घरी आई, बायको, दहावीची मुलगी आणि दोन म्हशी. अशा माणसाला 'रोज दोन तास अभ्यासाला काढा' हा सल्ला देणाऱ्याने एकदा तिसरी पाळी करून बघावी. सलग दोन तास मिळतच नाहीत. पण सुटे सुटे वेळ भरपूर मिळतात: कामगारांच्या गाडीत, डेअरीच्या रांगेत, कँटीनमध्ये चहा येईपर्यंत. हा सुटा वेळ अभ्यासाला लावता येतो का, एवढंच मला बघायचं होतं.

अँकीड्रॉइड अँड्रॉइडवर फुकट आहे. जाहिराती नाहीत आणि इंटरनेट नसलं तरी चालतं, म्हणजे आमच्या पत्र्याच्या शेडच्या आडोशालाही चालतं. आयफोनवरचं अधिकृत ॲप मात्र विकतचं आहे. प्रकार साधा आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. आधी मनात उत्तर द्यायचं, मग कार्ड उलटायचं आणि किती जमलं ते आपणच चारपैकी एक बटण दाबून सांगायचं. जमलं नाही तर ते कार्ड थोड्या मिनिटांत परत येतं. जमलं तर उद्या, मग काही दिवसांनी, मग महिन्याने. प्रामाणिकपणे बटण दाबलं तरच पुढचं सगळं खरं, हे वेगळं सांगायला नको.

उघडल्यावर ॲप रिकामं असतं. इंग्रजी शब्द किंवा डॉक्टरकीचा अभ्यास यांचे तयार गठ्ठे मिळतात. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचा मराठी गठ्ठा मला तरी सापडला नाही, म्हणून स्वतः बनवायला बसलो. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की टाइप होतं, त्यामुळे हात फार दुखले नाहीत. 'इकॉनॉमायझर'च्या जागी मात्र तो काय काय लिहील ते सांगता येत नाही.

कार्ड बनवताना पहिली गोष्ट कळली ती नोट्सची अवस्था. कारखान्यात एक झेरॉक्स कित्येक वर्षं हातोहात फिरतेय, झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात बॉयलरची व्याख्या 22.75 लिटरपेक्षा जास्त क्षमतेचं बंद भांडं अशी आहे. 2007 च्या दुरुस्तीने तो आकडा 25 लिटर झाला. शिवाय 1 किलोपेक्षा कमी दाबाचं किंवा पाणी 100 अंशांच्या आतच तापवणारं भांडं व्याख्येतून बाहेर गेलं. पुढे 1923 चा कायदा जाऊन बॉयलर्स ॲक्ट 2025 आला, आणि झेरॉक्स मात्र अजून 1923 मध्येच. म्हणून कायद्याच्या प्रत्येक कार्डाच्या मागे आकड्याखाली कुठल्या सालचा नियम तेही लिहायला लागलो. पाठ करून देणारं ॲप चुकीचा आकडाही तितक्याच इमानाने पाठ करून देतं, तेव्हा तिथे डोळे उघडे ठेवा.

आता हे सगळ्यात चांगलं कुठे चाललं, तर न बघितलेल्या गोष्टींना. परीक्षेत लँकेशायर बॉयलर येतो. फेअरबर्नने 1844 मध्ये पेटंट घेतलेला, आडवा, आग आणि धूर जाणाऱ्या दोन मोठ्या नळ्या, म्हणजे फ्ल्यू, असलेला. कॉक्रन येतो, उभा. फ्युजिबल प्लग येतो: पाणी खाली गेलं की त्यातला धातू वितळतो आणि त्या भोकातून वाफ-पाणी आगीवर पडतं. आमच्या बॉयलर हाऊसला यातलं काहीही नाही. डोळ्यांसमोर नसलेलं डोक्यात बसवायचं म्हणजे पाठांतरच, आणि पाठांतराला हे ॲप पक्कं आहे. माउंटिंग (सुरक्षेसाठी बॉयलरवर लागतातच ते भाग) कुठली आणि ॲक्सेसरी (जास्तीची जोड) कुठली, लॅटंट हीट, म्हणजे उकळत्या पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता, किलोमागे साधारण 540 किलोकॅलरी, अॅक्युम्युलेशन टेस्टमध्ये (सेफ्टी व्हॉल्व्हच्या चाचणीत) दाब 10 टक्क्यांपेक्षा जास्त चढता कामा नये, असल्या गोष्टी दुसऱ्या महिन्यापासून विचारताच तोंडात यायला लागल्या.

रोज हाताने करतो त्या कामांचं मात्र उलटं झालं. गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) ब्लो करणं, म्हणजे वाफ-पाणी सोडून साफ करणं, हे हाताला येतं, तोंडाला येत नाही. आधी कुठला कॉक बंद, मग कुठला उघडायचा, हे शब्दांत मांडायला गेलो की गाडी अडायची. म्हणून कार्डाची भाषा बदलली. 'सेफ्टी व्हॉल्व्हविषयी माहिती लिहा' असं कार्ड कुचकामी, कारण त्याचं उत्तर पानभर असतं आणि आपण आठवलं न आठवलं करून 'गुड' दाबून मोकळे होतो. त्याऐवजी असं लिहिलं: 'सुपरहीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ड्रमच्या आधी का उडायला हवा?' ड्रम म्हणजे पाणी-वाफेची मोठी टाकी, सुपरहीटर म्हणजे तिथली वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्या. उत्तर दोन ओळींचं. आधी ड्रमचा उडाला तर वाफ तिथूनच निघून जाईल, सुपरहीटरच्या ट्यूबमधून पुरेशी वाहणार नाही आणि ट्यूब जळतील. असं कार्ड एकदा जमलं की त्यावर चार उपप्रश्न आले तरी घाम फुटत नाही.

'लीच' म्हणून एक सोय आहे, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शिकून झालेलं एखादं कार्ड पुन्हा पुन्हा चुकलं, मुळात ठरलेला आकडा आठ वेळांचा आहे, तर ॲप त्याच्यावर शिक्का मारतं आणि तसं सेटिंग असेल तर ते बाजूला काढतं. माझ्याकडे प्रायमिंग आणि फोमिंगमधला फरक असा बाजूला पडला. व्याख्या वाचून वाचून पाठ, चार दिवसांनी पुन्हा घोळ. शेवटी आमच्या फर्स्ट क्लासवाल्या तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "पाठ कशाला करतोस? टर्बाइनवर एकदम लोड आल्यावर लेव्हल कशी हुते बघितलीस न्हवं?" बघितली होती. दाब पटकन उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, ड्रमची लेव्हल चढल्यासारखी दिसते आणि वाफेबरोबर पाणी पुढे जातं. ते प्रायमिंग. आणि कंडेन्सेटमधून, म्हणजे वाफ थंड होऊन परत येणाऱ्या पाण्यातून, साखर आली की पीएच पडतो, ड्रमवर फेस धरतो, ते फोमिंग. म्हणून तर लॅबवाले अल्फा नॅफ्थॉल टाकून जांभळी कडी येते का बघत असतात! इतकी वर्षं ती परीक्षानळी बघत होतो. त्यानंतर ते कार्ड एकदाही चुकलं नाही. तेव्हा लीचच्या यादीत जे पडेल ते पुन्हा पुन्हा घोकू नका, तो विषय अजून समजलेला नाही असं धरून कुणाला तरी जाऊन विचारा.

पाळीवाल्यांसाठी दोन सेटिंग महत्त्वाची. ॲपचा नवा दिवस मुळात पहाटे चारला सुरू होतो. बारा ते आठच्या पाळीत हे विचित्र पडतं: पाळीवर जायच्या आधी कार्डं संपवली, सकाळी गाडीत बसलो तर नवा ढीग तयार. मी नवा दिवस सकाळी नऊला नेला. दुसरं, रोजची नवी कार्डं मुळात 20 असतात. कॉलेजच्या पोरांना ती ठीक. रोज 20 नवी कार्डं म्हणजे थोड्याच आठवड्यांत रोज शंभराच्या वर उजळणी, हे पहिल्या दिवशी कळत नाही. मी 5 वर आणली आणि लग्नसराईत शून्यावर. एफएसआरएस नावाचं नवं वेळापत्रक चालू केलं तर किती टक्के लक्षात राहायला हवं तेही ठरवता येतं. 90 चं 85 केलं की रोजचा ढीग बराच उतरतो. सर्टिफिकेटवर काही टक्के छापत नाहीत.

एवढं करूनही ढीग साचतोच. बॉयलरची ट्यूब लीक झाली, डबल ड्यूटी लागली, आईला दवाखान्यात न्यायचं निघालं, की स्क्रीनवर तांबडा-हिरवा आकडा वाढलेला. घरात आधीच कामं वाट बघत असतात, त्यात हा आणखी एक सावकार. उजळणीलाही रोजची मर्यादा घालून ठेवा. राहिलेली कार्डं कुठे पळून जात नाहीत.

बायकोचा भाग लिहिलाच पाहिजे. तिने बॉयलर लांबूनच बघितलाय, तेही चिमणीच्या बाजूने. रात्री जेवणं झाल्यावर फोन तिच्या हातात द्यायचो आणि ती प्रश्न वाचायची. एकटा असताना मी 'डीएरेटर: पाण्यातला ऑक्सिजन काढणे' एवढं म्हणून पुढे जायचो. ती जाऊ द्यायची नाही. "अहो, काढला म्हणजे कसा काढला? आणि काढून जातो कुठं?" मग पाणी 105 अंशांच्या आसपास तापवलं की विरघळलेला वायू सुटतो, वरच्या व्हेंटमधून बाहेर जातो, तो राहिला असता तर ट्यूबला आतून खड्डे पडले असते, हे सगळं सांगावं लागायचं. तोंडी परीक्षेची खरी तयारी ती. हे ॲपमध्ये नाही आणि येणारही नाही. मुलीने विज्ञानाचा स्वतःचा गठ्ठा काढला होता, तो दोन आठवड्यांत सोडला. तिच्या म्हणण्याने बाईंच्या वहीतलं पुरतं.

काही गोष्टी फुकट गेल्या. कार्डात आवाज भरता येतो म्हणून माझ्याच आवाजात उत्तरं भरली आणि धार काढताना ऐकायचं ठरवलं. पण बटण दाबायला हात मोकळा हवा, आणि म्हशीला थांब म्हणून चालत नाही. बोटाने स्क्रीनवर काढायचा फळाही आहे. त्यावर बॉयलरची आकृती काढणं हा वेळेचा अपव्यय. लेखीत आकृती पेनाने काढावी लागते, नावं द्यावी लागतात, आणि शाळा सुटल्यापासून सहीखेरीज काही न लिहिलेल्या हाताला ते सहज जमत नाही. त्यासाठी मुलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं आणि रविवार, दुसरा उपाय नाही. ज्यांना लेखीचीच धास्ती आहे त्यांनी निदान शेवटचा महिना ॲप कमी करून पेन हातात धरावं.

मध्यंतरी पैसे भरून एक व्हिडिओ कोर्सही घेतला होता. नाव लिहीत नाही. शिकवणारा पीडीएफ स्क्रीनवर लावून ओळीने वाचत होता. त्यापेक्षा तात्यांचा चहा स्वस्त पडला.

तोंडीत काय झालं ते थोडक्यात. ठरलेला प्रश्न आलाच: काचेत पाणी दिसत नाही, काय करशील? कार्डाप्रमाणे सांगितलं, इंधन बंद, पंखे बंद, तापलेल्या बॉयलरमध्ये पाणी सोडायचं नाही. लगेच पुढचा प्रश्न, "पाणी कमीच झालंय कशावरून? काच भरून वर गेलं असेल तर?" हे माझ्या कार्डावर नव्हतं. पण काच ब्लो करून आधी खात्री करायची हे हाताला माहीत होतं. वाफेचा कॉक, पाण्याचा कॉक, ड्रेन, असं क्रमाने हातवारे करत सांगितलं आणि साहेबांनी मान हलवली. आकडे, व्याख्या आणि न बघितलेले बॉयलर ॲपने दिले. हे उत्तर बॉयलर हाऊसने दिलं.

आता पाळीतली पोरं गठ्ठा मागतात. कायद्याचा आणि आकड्यांचा गठ्ठा देतो, तो फाइल काढून व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. 'काय करशील' वाला देत नाही. त्यात आमच्या बॉयलरचे व्हॉल्व्ह नंबर आणि तात्यांच्या शिव्या आहेत, दुसऱ्याला त्याचा काय उपयोग?

सध्या हंगाम बंद आहे, ओव्हरहॉलिंगसाठी ड्रम उघडलाय. फर्स्ट क्लाससाठी आता चित्रांची कार्डं करतोय. फोटोतल्या एकेका भागावर पट्टी टाकून 'हे काय?' असं विचारता येतं, ही सोय मी आधी वापरलीच नव्हती. आतले सायक्लोन सेपरेटर, डोसिंगचा पाइप, फीड वॉटरचा हेडर एरवी बघायला मिळत नाहीत. फोटो काढायला साहेबांची परवानगी घ्या, आणि ड्रममध्ये उतरायला परमिट लागतं ते विसरू नका.