पेडल स्टील गिटार, ई नाइन्थ: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि बडी एमन्स यांच्याविषयी

पेडल स्टील म्हणजे आडवं ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायचं गिटार; पायातली पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर निवडक तारांचा सूर बदलतात. ई नाइन्थ ही त्याची एक जुळणी. दहा तारा, तीन पेडल, चार गुडघा-लिव्हर, एक नेक (म्हणजे तारांचा एकच संच). नवशिक्यांसाठीचं हे साधं पेडल स्टील काही महिने रोजच्या रियाजात आहे. घेण्याआधी चर्चा ऐकू येते ती पिकअपची, रंगाची, वजनाची. वापरायला लागल्यावर लक्षात येतं की सगळ्यात मोलाचा भाग तारांची जुळणी आणि पेडलांचा क्रम हा आहे. तो कुठल्याही कंपनीचं वाद्य घेतलं तरी जवळपास तोच मिळतो, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकन स्टीलवादक बडी एमन्स यांचा आहे. त्यामुळे वाद्याबद्दल लिहिताना त्यांच्याबद्दल लिहावंच लागतं.

एमन्स १९३७ साली इंडियानातल्या मिशावाका गावी जन्मले. लहानपणी साउथ बेंडच्या हवाईयन संगीतशाळेत ते लॅप स्टील (मांडीवर ठेवायचं, बिनपेडलचं स्टील) शिकले आणि १९५५ मध्ये, अठराव्या वर्षी, कंट्री गायक लिटल जिमी डिकन्स यांच्या बँडमध्ये नॅशव्हिलला पोचले. त्याच्या आदल्याच वर्षी वेब पिअर्स यांचं 'स्लोली' हे गाणं गाजलं होतं. त्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबून तारा चढवल्या होत्या, आणि सगळे स्टीलवादक त्या आवाजाच्या मागे लागले होते. आयझॅक्स यांच्या पेडलने दोन स्वर एकदम चढत. एमन्स यांनी १९५६ मध्ये हे काम दोन पेडलांत वाटलं.

हे वाटणं केवढं मोठं आहे ते सरगमीत पटकन समजतं. ई हा सा धरा. पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत मोकळ्या तारा अशा येतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेवरचा प धैवतावर नेतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरचा ग शुद्ध मध्यमावर नेतं. दोन्ही एकत्र दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, म्हणजे बार जागचा न हलता मध्यमाचा मेजर कॉर्ड. फक्त ए दाबलं तर सा-ग-ध, म्हणजे धैवताचा मायनर. फक्त बी दाबलं तर सा-म-प असा अधांतरी कॉर्ड मिळतो, जो पेडल सोडताच घरी येतो. पेडल एकच असतं तर या चारांपैकी फक्त-ए आणि फक्त-बी हे मधले दोन हाती आलेच नसते. कंट्री संगीतातलं ते रडवणारं वळण, जिथे एक स्वर स्थिर राहतो आणि दुसरा त्याच्या अंगावरून सरकत जातो, ते या मधल्या दोन अवस्थांमध्येच आहे. आपल्याकडे व्हॅन शिप्ली यांच्या हवाईयन गिटारवर मींड ऐकलेल्या कानाला फरक लगेच कळतो: तिथे बारसोबत त्याच्याखालचे सगळे स्वर सरकतात, इथे हवा तो एकच.

तिसरं सी पेडल चौथ्या तारेवरचा सा रिषभावर आणि पाचवीवरचा प धैवतावर नेतं. बी आणि सी मिळून रिषभाचा मायनर. गुडघ्यांपैकी डाव्या पायाचे दोन लिव्हर आधी शिकावेत: एक चौथी आणि आठवी तार सा वरून कोमल रे वर चढवतो, दुसरा त्याच तारा नी वर उतरवतो. पहिला लिव्हर ए पेडलसोबत वापरला की आणखी एक मेजर कॉर्ड मिळतो. जी मेजर हवा असेल तर तिसऱ्या पडद्यावर काहीही न दाबता, सहाव्या पडद्यावर ए आणि हा लिव्हर, दहाव्या पडद्यावर ए आणि बी. पुढे पंधराव्यावर पुन्हा मोकळा. एवढे तीन मुक्काम पक्के झाले की बहुतेक गाण्यांची साथ उभी राहते. उजव्या गुडघ्याचे लिव्हर नंतर शिकले तरी चालतात.

पहिल्या दोन तारा नवशिक्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात. त्या क्रमाने वर असूनही सर्वांत उंच नाहीत. सर्वांत उंच आहे तिसरी. पहिली तिच्यापेक्षा सुराने खाली, दुसरी चौथीपेक्षाही अर्धा स्वर खाली. या दोन्ही तारा, रे आणि नी, एमन्स यांनी १९६२ मध्ये जोडल्या. त्यामुळे सरगम वाजवायला बार सतत पळवावा लागत नाही. कॉर्ड जिथे आहे तिथेच तानेचे स्वर आहेत. बोटांना सवय व्हायला वेळ लागतो, पण या दोन तारा टाळून शिकू नका. अंगठा पाचवीवर, मधलं बोट दुसरीवर अशा मोठ्या उड्या पहिल्यापासून संथ लयीत घ्या.

आता यंत्राकडे. पेडल दाबलं की खालचा आस फिरतो, त्यावरचा दांडा लोखंडी सळई ओढतो आणि सळई उजव्या टोकाच्या चेंजरमधली बोटासारखी पट्टी फिरवते. तार त्या पट्टीवर वळून अडकवलेली असते. सळईच्या टोकाला नायलॉनचं नट असतं, त्यानेच पेडलचा सूर लागतो. क्रम मोडू नका. आधी काहीही न दाबता खुंट्यांनी मोकळ्या तारा लावा. मग ए दाबून पाचवी आणि दहावी, बी दाबून तिसरी आणि सहावी, त्यानंतर सी आणि शेवटी लिव्हर, हे सगळं नटांनी. मग मोकळ्या तारा परत तपासा. नट जास्त आवळलं तर पेडल सोडल्यावर पट्टी पुरती मागे येत नाही आणि मोकळा सूर चढा राहतो. पेडल मोकळं असताना सळईत किंचित ढील जाणवलीच पाहिजे. मोकळी तार चढी ऐकू येते म्हणून खुंटी फिरवत बसलात तर दुखणं वाढतच जाईल.

ट्यूनरचा काटा बरोबर मध्यावर ठेवून सगळ्या तारा लावल्या तर कॉर्ड खरखरीत वाटतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार काट्यापेक्षा सुमारे १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) खाली असतो, आणि स्टीलवर लांब टिकणाऱ्या कॉर्डमध्ये हा फरक लपत नाही. म्हणून बरेच वादक तिसरी आणि सहावी तार तेवढी उतरवतात, ए पेडलचा धैवतही तसाच, आणि कोमल रे चा लिव्हर त्याहून जवळपास दुप्पट खाली. कीबोर्डसोबत वाजवायचं असेल तर मधला मार्ग काढावा लागतो. भारतीय कानाला हे काम उलट सोपं जातं. काट्यापेक्षा कानावर भरवसा ठेवा.

तक्रारी दोन. पहिली, ए आणि बी एकत्र दाबले की लाकडी अंग किंचित वाकतं आणि ज्या तारांना हात लावलेला नाही त्याही काही सेंट उतरतात. चौथी तार ट्यूनरवर धरून दोन्ही पेडल दाबा, काटा किती हलतो ते दिसेल. थोडं सगळ्याच वाद्यांत असतं. स्वस्त मॉडेलमध्ये जास्त. दुसरी, तिसरी तार तुटते. ०.०११ इंचाची बारीक तार, आधीच खूप ताणलेली, वर बी पेडलच्या प्रत्येक दाबाला चेंजरच्या पट्टीवर त्याच जागी वाकते. तुटते तीही तिथेच. पट्टीच्या माथ्यावर चर पडली असेल तर नवी तारही लवकर जाते. चर अगदी बारीक पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करावी. ई नाइन्थचा पूर्ण संच आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, पण तिसरीसाठी साध्या इलेक्ट्रिक गिटारची ०.०११ ची सुटी तार चालते. चार-पाच जवळ ठेवा. कोकणपट्टीच्या हवेत वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसल्या नाहीत तर गंज दिसायला वेळ लागत नाही. आसांच्या टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. जास्त तेलात धूळ बसून चिकटा होतो.

बार ७/८ इंच व्यासाचा आणि सव्वातीन इंच लांबीचा घ्या. हलका बार घेतला की सूर लवकर मरतो. बारमागे अनामिका आणि करंगळी तारांवर टेकलेली असावीत, नाहीतर मागची तारेची लांबीही गुणगुणत राहते. अंगठ्याला प्लास्टिकची नखी, दोन बोटांना धातूच्या.

सगळ्यात अवघड काम मात्र सूर थांबवणं हे आहे. तार छेडली की ती वाजतच राहते, म्हणून उजव्या तळव्याच्या करंगळीकडच्या कडेने आधीचा स्वर दाबून मगच पुढचा काढायचा. एमन्स यांचं मोठेपण इथे कळतं. द्रुत लयीतही त्यांचा प्रत्येक स्वर वेगळा, गोल आणि पूर्ण ऐकू येतो, एकाची शेपटी दुसऱ्यात मिसळत नाही. रे प्राइस यांच्या 'नाइट लाइफ' या १९६३ च्या अल्बममध्ये त्यांचं स्टील ऐका: गायकाच्या ओळींमध्ये किती कमी वाजवलंय आणि प्रत्येक स्वर कुठे सोडलाय, याकडे लक्ष द्या. व्हॉल्यूम पेडलचाही धडा तिथेच आहे. उजवा पाय साधारण अर्ध्यावर ठेवून छेडायचं, आणि सूर ओसरू लागला की हळूहळू उघडत जायचं. प्रत्येक मात्रेला पाय हलवला की सगळं वादन पंप मारल्यासारखं ऐकू येतं, आणि नव्या वादकांची ओळख बहुतेक वेळा यावरूनच पटते. पोटेन्शिओमीटर (आवाज कमी-जास्त करणारा फिरता भाग) असलेलं व्हॉल्यूम पेडल काही काळाने खरखरू लागतं. तो भाग बदलता येईल असंच पेडल घ्या.

वाद्य बनवण्यातही एमन्स यांचा हात होता. १९५७ मध्ये शॉट जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी शो-बड सुरू केलं आणि १९६३ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी. तिथल्या पुश-पुल चेंजरच्या (सळया ओढून आणि ढकलूनही सूर बदलणाऱ्या) आवाजासाठी वादक आजही जुनी वाद्यं शोधतात. ती सुरात लावणं किचकट असतं, पहिलं वाद्य म्हणून घेऊ नका.

वापरलेलं वाद्य घेताना पेडलांचा क्रम विचारा. डावीकडून ए-बी-सी असेल तर एमन्स पद्धत, सी-बी-ए असेल तर दुसरे स्टीलवादक जिमी डे यांची. दोन्ही चांगल्या, पण शिकण्याचं बरंचसं साहित्य पहिल्या पद्धतीचं आहे. लिव्हर चारपेक्षा कमी नकोत. दुसरा, सी सिक्स्थ या वेगळ्या जुळणीचा नेक असलेली वाद्यं अनुभवी वादकांकडे दिसतात. त्याने वजन आणि किंमत दोन्ही बरीच वाढतात. एमन्स यांचा १९६३ चा 'स्टील गिटार जॅझ' अल्बम ऐकून तो नेक हवासा वाटेलच, पण ए आणि बी पेडल न बघता सुरात पडू लागेपर्यंत एकाच नेकवर राहा.