सोलापूरच्या सात रस्त्याजवळची पॅथॉलॉजी लॅब: नको ती टेस्ट नको म्हणणारी

पाचपैकी पाच स्टार देते, आणि ते त्यांनी नाकारलेल्या एका टेस्टसाठी.

माझी आत्या पूर्व भागातली, आयुष्यभर बिड्या वळलेली. स्तनातली गाठ काढल्यावर तिचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घेऊन आम्ही ईआर, पीआर (हार्मोन पकडणारे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) यांच्या टेस्ट करायला इथे आलो. त्याआधी एकाने हातात पत्रक दिलं होतं: रक्तातल्या मायक्रोआरएनए नावाच्या छोट्या रेणूंवरून कॅन्सरचं सगळं भविष्य कळतं, वर 2024 च्या नोबेलचा दाखला. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून डॉक्टर मॅडमना थेट विचारलं.

त्यांनी काम बाजूला ठेवून समजावलं. आपल्या डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी भागात प्रथिनांची कृती असते. बाकीच्यातून निघणारे बरेचसे आरएनए प्रथिनं बनवत नाहीत, पण कुठलं जनुक किती चालायचं यात त्यांचा हात असतो. मायक्रोआरएनए त्यातलेच. त्यांपैकी 221 आणि 222 इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजेच ईआर, दाबतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर त्यामुळे टॅमोक्सिफेन या हार्मोन रोखणाऱ्या औषधाचा असर कमी झालेला दिसला आहे. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये तर पीसीए3 नावाच्या अशाच आरएनएची लघवीची टेस्ट अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झाली, पुन्हा बायोप्सी करायची की नाही हे ठरवायला. "संशोधन खरं आहे, मलाही त्याची ओढ आहे. पण मावशींची गोळी ठरवायला ईआर लागतो. या रक्ताच्या टेस्टवर पैसे घालू नका."

मग आत्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुमची गाठ हार्मोनवर पोसली जाते का, ते बघू. तसं निघालं तर गोळीनं तिची रसद तोडता येते." आत्याला एवढं पुरलं.

गाठ फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावात किती तास होती, हे ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलने कुठेच लिहिलं नव्हतं. सहा ते बहात्तर तासांच्या आत असेल तरच ईआरवर नीट भरवसा ठेवता येतो. लॅबने स्वतः फोन करून वेळ काढून घेतली. असं कोण करतं!

जिना उभा आहे, लिफ्ट नाही. म्हाताऱ्या माणसाला न्यायची गरजही नाही, ब्लॉक आणि बायोप्सीचा रिपोर्ट पुरतो. ब्लॉक मात्र आठवणीने परत मागा, पुढे लागतो. आणि सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेणाचा असतो तो.