क्रिब, पिलिंगची पट्टी की वरून काढलेला आराखडा?

स्कॉटिश कंट्री डान्स म्हणजे स्त्री-पुरुषांच्या जोड्यांनी समोरासमोरच्या दोन रांगांत करायचा नाच. त्यातलं फॉर्मेशन, म्हणजे हालचालींची ठरलेली मांडणी, कागदावर सोडवायला तीन वाटा आहेत. शब्दांतली क्रिब (नाचाची त्रोटक टिपण), पिलिंग नावाच्या पद्धतीची चिन्हांची पट्टी, आणि छतावरून सेट, म्हणजे एकत्र नाचणाऱ्या जोड्यांचा गट, पाहावा तसा आराखडा. तिन्ही चालतात, काम कोणतं, यावर निवड ठरते.

नाच येतोच आहे, नुसती आठवण हवी, तर क्रिब पुरते. पट्टी त्याहून आटोपशीर, ३२ बार (संगीताची मापं) तळहाताएवढ्या जागेत. मात्र चिन्हं आधी अंगवळणी पडायला लागतात, आणि स्वतः रचलेल्या वेगळ्या फिगरला (हालचालीच्या तुकड्याला) चिन्ह सापडत नाही.

माझं क्रिबशी बिनसतं ते एका गोष्टीवरून: फिगर संपताना तोंड कुठे आणि कोणता हात धरलेला, हे ती बहुतेकदा वाचणाऱ्यावर सोडते. 'रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन' हा नाचच घ्या. यात मधे आलेल्या पहिल्या जोडीभोवती तिरपे उभे असलेले चौघे म्हणजे कॉर्नर: प्रत्येकाच्या उजवीकडचा पहिला, डावीकडचा दुसरा. ९ ते १२ बारांत पहिली जोडी पहिल्या कॉर्नरांसमोर सेटिंग करते (जागच्या जागी पावलं टाकते) आणि त्यांचा उजवा हात धरून टर्न घेते, म्हणजे फिरते. इथे सवयीने हात सुटला की १३–१४ला तिरपी रांग होतच नाही. कॉर्नरचा उजवा हात तसाच धरून, मधल्या दोघांनी एकमेकांचा डावा हात धरायचा असतो. रांगेचा क्रम: दुसरा पुरुष, पहिली स्त्री, पहिला पुरुष, तिसरी स्त्री. शेजारच्या दोघांची तोंडं उलट दिशांना. १५–१६ला पहिली जोडी डाव्या हाताने फिरून दुसऱ्या कॉर्नरांकडे. हे सगळं शब्दांत लिहिता येतं, पण मग ती क्रिब राहत नाही.

आराखड्यात हेच चार खुणांत दिसतं. पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, आणि प्रत्येकाला तोंडाच्या दिशेने छोटंसं नाक. नाक काढायचा कंटाळा केला तर आराखडाही क्रिबइतकाच मुका. कॉर्नरांच्या दोन्ही तिरप्या रांगा एकावर एक ठेवल्या की सेंट अँड्र्यूचा क्रॉस, म्हणजे स्कॉटलंडच्या झेंड्यावरची तिरपी फुली, उमटतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या लाउफेनच्या युद्धकैदी छावणीत रचलेल्या या नाचाचा जीव त्यातच आहे.

काढताना आठ बारांना एक चौकट. हात किंवा दिशा बदलली की चौकट तोडायची. बाण फक्त पहिल्या जोडीचे. दुसरी जोडी वर सरकते, तो एक बाण मात्र विसरू नये, नाहीतर पुढच्या चौकटीत कॉर्नरच चुकतात. कॉर्नरांवर जोडीचा नंबर न घालता जागेचा घालावा. मग नाचाच्या दुसऱ्या फेरीत तिसरी आणि चौथी जोडी कॉर्नर झाल्या तरी तोच कागद चालतो.

तोटे आहेतच. वेळ लागतो, कागद लागतो, आणि तिघांची रील (तिघांनी एकमेकांमधून आठच्या आकड्यासारखं विणत जाणं) एकाच चौकटीत घातली की रेषांचा गुंता होतो. कोण आधी जातो ते कळत नाही. तिथे पट्टीचं एक चिन्ह सरळ जिंकतं, म्हणून रीलच्या चौकटीत मी तेच उसनं घेतो. ज्यांची नजर चित्रापेक्षा शब्दांत रमते त्यांना क्रिब सोडा म्हणणार नाही. पण शिकवायचं असेल किंवा नवा नाच जुळवून पाहायचा असेल, तर आधी आराखडा काढावा आणि तो जुळल्यावरच त्यावरून क्रिब लिहावी.