ओट्याजवळची पितळी डबी: साखरपुड्याच्या अंगठीसाठी कितपत उपयोगी?

साखरपुड्याची अंगठी घरातल्या घरात हरवते ती बहुधा चोरामुळे नव्हे, तर "आत्ता घालते" असे म्हणून ओट्यावर, खिडकीत किंवा बेसिनच्या कडेला ठेवल्यामुळे. सराफाने दिलेली मखमली डबी त्या वेळी कपाटात असते आणि दोन मिनिटांसाठी तिथपर्यंत कोणी जात नाही. म्हणून जळगावच्या एका भांड्यांच्या दुकानातून सव्वातीनशे रुपयांना घेतलेल्या, खास ओट्याजवळ ठेवण्याच्या पितळी डबीविषयी हे लिहीत आहे.

डबी लिंबाएवढी, तळाशी जड आणि आट्यांच्या झाकणाची आहे. आत मधोमध मखमल लावलेली खुंटी असून अंगठी तिच्यात घातली की डबी हलवली तरी खडखड होत नाही. झाकणाच्या कडेला बारीक कंगोरे असल्याने हात ओले असतानाही पकड सुटत नाही. हिची खरी परीक्षा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होते. खापरावरचे मांडे, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्या करताना सैल भिजवलेली कणीक हातांवर झेलत झेलत मोठी करावी लागते. बोटात अंगठी असली की मांडा हमखास फाटतो, आणि खड्याची अंगठी असेल तर कोंदणात कणीक बसते ती वेगळीच.

मात्र अशा दिवशी सासूबाई, जाऊबाई अशा सगळ्यांच्याच अंगठ्या निघतात आणि खुंटीवर एकीचीच जागा आहे. दुकानदाराने "दोन बसतील, ताई" असे सांगितले होते. बसतातही, पण हिऱ्याची अंगठी सोन्याच्या साध्या अंगठीला घासली की बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर चरे पडतात. एका डबीत एकच अंगठी ठेवावी.

मखमल साध्या डिंकाने चिकटवलेली असून एका कडेने सुटू लागली आहे. या किमतीत हे खटकते. पितळ काळवंडते, तेव्हा चिंचेने घासावे लागते. त्या वेळी मखमल भिजू देऊ नये.

डबीच्या झाकणात अंगठीच्या एचयूआयडी (हॉलमार्कसोबत दागिन्यावर कोरलेल्या ओळख) क्रमांकाची चिठ्ठी घडी करून मावते, पण हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बिलासोबत वेगळा जपावा, कारण डबीच गेली तर चिठ्ठीही जाईल. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकल्यास शुद्धतेची खातरजमा होते. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या अंगठीला हॉलमार्कची सक्ती नसल्याने तिच्यावर असा क्रमांक नसूही शकतो; तिचा निदान फोटो काढून ठेवावा.

लॉकरशी या डबीची तुलना करू नये. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पण रोज घालायची अंगठी लॉकरमध्ये ठेवून कोणाचे भागणार? प्रवासाला मात्र डबी नेऊ नये. झळझळीत पितळ पाहून आत काय असेल, हे कोणीही ओळखील. रेल्वेत अंगठी बोटातच बरी.

घेताना झाकण तीन-चारदा लावून उघडून पाहावे. मला पहिल्यांदा दाखवलेल्या डबीचे आटे घासलेले होते आणि झाकण अर्ध्यावरच अडत होते. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरी काढून दिली.