४० वॅटचा केयू-बँड बीयूसी: काही महिन्यांच्या सलग वापरानंतर

बीयूसी (ब्लॉक अपकन्व्हर्टर) म्हणजे मॉडेमचा सिग्नल उपग्रह संपर्काच्या फ्रीक्वेन्सीवर (इथे केयू-बँड) नेऊन, त्याची पॉवर वाढवून डिशकडे पाठवणारं युनिट. या युनिटवर ४० वॅट, म्हणजे ४६ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) लिहिलंय. पण गॅलियम नायट्राइडच्या (ट्रान्झिस्टरचा पदार्थ) बीयूसीवरचा हा आकडा बहुतेक वेळा सॅच्युरेशनचा, म्हणजे जास्तीत जास्त पॉवरचा असतो. शेजारच्या कॅरियरला (उपग्रहावरच्या बाजूच्या सिग्नलला) त्रास न देता वापरता येते ती लिनियर पॉवर, आणि ती साधारण ३ डीबीने कमी, म्हणजे २० वॅटच्या आसपास असते. लिंक बजेट (सिग्नलच्या पॉवरचा जमाखर्च) त्यावरच करावं. ४३ डीबीएमपर्यंत याचं स्पेक्ट्रम अगदी स्वच्छ राहतं; त्यावर एक-दीड डीबी चढवलं की कॅरियरच्या दोन्ही बाजूंना शोल्डर (नको असलेल्या सिग्नलचे उंचवटे) वर येतात. गेन (सिग्नल किती वाढतो ते) ७० डीबी असल्यामुळे ४३ डीबीएमसाठी इनपुटला -२७ डीबीएम पुरतात. लाइन-अप (लेव्हलची जुळवणी) करताना मॉडेमची लेव्हल १-१ डीबीने वाढवत न्या. आउटपुट मागे पडायला लागून एकूण तूट १ डीबी झाली, की तिथून पुरेसं खाली या.

खरी परीक्षा पावसाळी हवेत होते, आणि ती बीयूसीची कमी, वेव्हगाइडच्या (सिग्नल नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीच्या) जोडाची जास्त. दोन्ही फ्लँजना (जोडाच्या चपट्या कडांना) खाच असेल तर जाड गॅस्केट (सील) लागतं, एकालाच असेल तर पातळ. एकाच खाचेत जाड बसवलं तर धातूला धातू नीट टेकत नाही आणि आरएफ (रेडिओ सिग्नल) गळतं. दोन खाचांमध्ये पातळ घातलं तर पाणी शिरतं. दोन्ही चुका बाहेरून दिसत नाहीत. रात्री वेव्हगाइड थंड झालं की ते सैल जोडातून दमट हवा आत ओढतं, आत थेंब साचतात, रिफ्लेक्टेड (परत फिरणारी) पॉवर वाढते आणि सकाळी अलार्म लागतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळायचे. जोड आणि वेव्हगाइडमध्ये मिळून १ डीबी गेला तर पाचवा हिस्सा पॉवर वाटेतच संपली!

थंडावा उत्तम. युनिट सुमारे ३०० वॅट खातं, त्यातले २० बाहेर जातात, उरलेली सगळी उष्णता. पंखे बाहेरून बदलता येतात, ही याची सगळ्यात आवडलेली गोष्ट. फिन्समध्ये (उष्णता सोडणाऱ्या पात्यांमध्ये) धूळ भरली की तापमान चढतं, आउटपुट उतरतं आणि उगाच मॉडेमवर संशय जातो.

मॉडेमकडून येणाऱ्या केबलच्या एन कनेक्टरला मात्र सेल्फ-फ्यूजिंग टेप हवीच, खालून वर गुंडाळलेली. त्याच केबलवरून १० मेगाहर्ट्झ रेफरन्स (ज्याला धरून युनिट आपली फ्रीक्वेन्सी स्थिर, म्हणजे लॉक ठेवतं तो सिग्नल) येतो; पाण्यामुळे तो ढासळला की लॉक सुटतो आणि युनिट स्वतःच म्यूट होतं, म्हणजे आउटपुट बंद करतं.

४८ व्होल्टची केबल जाड घ्या. अडीच चौरस मिलिमीटर तांब्यावर ५० मीटरला सुमारे ५ व्होल्ट पडतात, आणि व्होल्टेज पडलं की युनिट जास्त करंट ओढतं, मग आणखी पडतं. वेव्हगाइड उघडण्याआधी नुसतं म्यूट करून भागत नाही, वीज तोडाच. या पॉवरला फीडसमोर (डिशकडे लहरी सोडणाऱ्या तोंडासमोर) डोळा नेणं धोक्याचं आहे.